फूटभर अंतर

[दृश्य: कुलाबा. समुद्राकडेचा रस्ता, जुन्या वेधशाळेच्या बाजूची झाडं.]

मुंबईत विजेच्या क्षेत्राचा पहिला धसका माणसांनी घेतला नव्हता. घेतला होता तो मोजमापाच्या सुयांसाठी.

इथे कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मधलं प्रचंड सौर वादळ इथल्या नोंदींत उतरलेलं आहे. पुढे शहरात घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून वाहणारा प्रवाह या सुयांना स्वस्थ बसू देणार नाही, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि चुंबकीय विभाग अलिबागला हलवायला घेतला. अलिबागच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. ट्राम यायच्या आधीच मोजणाऱ्यांनी अंतर राखलं होतं.

[दृश्य: लॅमिंग्टन रोड. दुकानाच्या काउंटरवर वायरलेस चार्जर.]

आज लॅमिंग्टन रोडवर फोन नुसता वर ठेवायची चकती काही शे रुपयांत मिळते. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, याचं रेडिएशन किती?" दुकानदार म्हणतो, "काही नसतं, साहेब. बिनधास्त घ्या." दोघांचंही थोडं थोडं चुकतं.

या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला साधारण एक ते दोन लाख वेळा मागेपुढे होतो, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि फोनच्या पाठीतल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व, एवढंच. मोबाइलच्या टॉवरची लहर दूर जाण्यासाठीच सोडलेली असते. हे क्षेत्र मात्र चकतीपाशीच घोटाळतं. वेटोळ्याच्या आकारापेक्षा लांब गेलं, की अंतर दुप्पट होताच त्याचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून तर रात्री फोन जरा सरकला तरी चार्जिंग थांबतं, आणि सकाळी विरार लोकलमध्ये बारा टक्के बॅटरी घेऊन उभं राहावं लागतं.

प्रवाह मागेपुढे होण्याच्या या वेगासाठी, म्हणजे वारंवारितेसाठी, क्षेत्राची मर्यादा ठरलेली आहे. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सर्वसामान्यांसाठी ती २७ मायक्रोटेस्ला सांगितली; मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजायचं एकक. मज्जातंतू चेतवले जाणं, या सिद्ध झालेल्या परिणामापासून बरंच अलीकडे थांबून हा आकडा काढलाय. चांगल्या बनावटीची चकती हातभर लांब असेल, तर निरोगी माणसाने तिच्यापायी झोप उडवून घ्यावी असं काही नाही.

पण सगळेच निरोगी नसतात.

[दृश्य: सकाळची गर्दी, दादर. छातीशी फोन धरलेली माणसं.]

गर्दीत फोन डाव्या खिशात, वर हाताचा तळवा. पाकीटमारांच्या धाकाने लागलेली सवय. त्याच खिशाखाली, कातडीच्या आत, कुणाचा पेसमेकर असू शकतो. पेसमेकर बाहेरच्या चुंबकाला दाद देईल असाच बनवलेला असतो. डॉक्टर त्याची चाल तात्पुरती बदलताना वरून चुंबक धरतात. आता कित्येक फोनच्या पाठीत चार्जरला चिकटण्यासाठी चुंबकाचं कडं आलंय. ॲपलच स्वतः सांगते: असा फोन पेसमेकरपासून पंधरा सेंटीमीटरहून लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर तीस सेंटीमीटरहून लांब. शाळेतली फूटपट्टी मधे मावली पाहिजे. आजोबांच्या उशाशी हौसेने चकती लावून देणाऱ्या नातवाला हे ठाऊक असायला हवं.

दुसरा धोका त्याहून साधा: उष्णता. फोनच्या कव्हरमागे मुंबईकर काय काय कोंबतो! मेट्रोचं कार्ड, सुटं नाणं, लॉकरची किल्ली, कुणाकडे देवाचं यंत्र कोरलेला तांब्याचा पत्रा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू सापडला की त्यात भोवरी प्रवाह फिरतात आणि तो तापतो. घरच्या इंडक्शनवर पातेलं तापतं ते याच कारणाने. चांगला चार्जर मधे आलेली वस्तू ओळखून बंद होतो. फुटपाथवरचा बिननावाचा ओळखेलच, याची खात्री नाही. रेडिएशनचा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक हा प्रश्न सहसा विचारत नाही.

[दृश्य: इमारतीची गच्ची, अँटेना. खाली सोसायटीचं ऑफिस.]

खरी भांडणं होतात ती गच्चीवरून. टॉवर आपल्या गच्चीवर असेल तर भाडं येतं, समोरच्या गच्चीवर असेल तर कर्करोग येतो, असा सोसायट्यांमधला एकूण सूर. टवाळी बाजूला ठेवू, कारण शंका अगदी निराधार नव्हती. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली टॉवरच्या किरणोत्सर्गावर दूरसंचार विभागाला अहवाल दिला आणि मर्यादा खूप खाली आणा म्हणून आग्रह धरला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातलं. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तिथे पुरावा किती पक्का ते पाहतात, धोका किती मोठा ते नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक-दशांश भाग स्वीकारला: ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ४.५ ऐवजी ०.४५ वॅट. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या, ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

टॉवर हटवल्यावर काय होतं, ते सभेत कुणी बोलत नाही. सिग्नल अशक्त झाला की फोन स्वतःची शक्ती वाढवतो, बहिऱ्याशी बोलताना आवाज चढतो तसा. आणि तो असतो कानाला टेकलेला. लिफ्टमध्ये, तळघराच्या पार्किंगमध्ये लांबलचक कॉल करणाऱ्याच्या डोक्याला समोरच्या टॉवरपेक्षा हातातल्या फोनकडूनच जास्त मिळतं. फोनचा एसएआर आकडा, म्हणजे शरीर त्याच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं ते माप, *#०७# दाबलं की दिसतो; भारतात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. टॉवरबद्दल शंका असेल तर तरंग संचार या सरकारी पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. ठराव, मोर्चा, वकील यांच्या मानाने ते स्वस्तच.

[दृश्य: रात्र. परळची सोसायटी, ओळीने उभ्या गाड्या, खाली मांजरं.]

यापुढचा वाद पार्किंगमध्ये होईल. विजेच्या गाड्या तारेविना चार्ज करण्याचं जे२९५४ हे मानक २०२० साली आलं. वारंवारिता ८५ किलोहर्ट्झच्या आसपास, शक्ती ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे फोनच्या चकतीच्या शेकडो पट. जमिनीवर पॅड, गाडीच्या पोटाला पॅड, मधे वीतभर हवा. म्हणूनच मानकात गाडीखालची जागा वेगळी धरली आहे आणि माणसं उभी राहतात ती कडेची जागा वेगळी. धातूची वस्तू आणि जिवंत प्राणी ओळखण्याचीही सोय त्यात आहे.

मुंबईत गाडीखालची जागा मांजरांची असते. पावसाळ्यात तर हमखास. असा पॅड बसवायचा ठराव उद्या सभेत आला, तर "रेडिएशन किती" या प्रश्नावर थांबू नका. गाडीच्या कडेपाशी क्षेत्र किती भरलं, ते कुणी मोजलं, आमच्यातल्या पेसमेकरवाल्यांनी कुठे उभं राहायचं, आणि खाली मांजर शिरलं तर पॅड किती वेळात बंद होतो, हे विक्रेत्याकडून लेखी मागा.