पाच वाजता आलेल्याला पूर्ण पगार

(सोलापुरात झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून लिहून काढलेलं)

तर मंडळी, विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय तोच, विश्वासाने नीतिमान ठरणे, म्हणजे देवापुढे माणूस निर्दोष ठरतो तो आपल्या कर्मांनी नाही, विश्वासाने. पाळकसाहेबांनी मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा प्रार्थना, स्वागत आणि शालीत गेली. शाल सोलापुरी नव्हती हेही मी बघितलंय, चादरींच्या गावात बाहेरची शाल, जाऊ दे, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना हा विषय तोंडपाठ आहे. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं वचन, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे. संडे स्कूलमध्ये पाठ करून बक्षीस घेतलंय सगळ्यांनी. (पाठ केलं म्हणून बक्षीस, तेही कृपेचं वचन. असो.) आणि तरीही आपल्या कुठल्याही चर्चच्या भिंतीकडे बघा, पंख्यावर नाव, बाकावर नाव, भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आणि तीही रकमेच्या क्रमाने. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही म्हणून एका गृहस्थांनी पंखा बंद ठेवायला सांगितल्याचं मी ऐकलंय, कुठल्या चर्चमध्ये ते विचारू नका, मला अजून तिथे जेवायला बोलावतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे तत्त्व आपण फार गोड करून टाकलंय. कृपा, म्हणजे न कमावता मिळालेलं देणं, असं म्हटलं की आपले डोळे ओले होतात. खरं तर कृपा ऐकून आधी राग यायला पाहिजे. ज्याला कधी राग आलाच नाही त्याला ती कळली नाही असं माझं ठाम मत आहे, आणि हे मी कुठल्या सेमिनरीत शिकलो नाही, माझ्या चुलत आजोबांकडून शिकलो. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा मिलमध्ये लूम खात्यात, लाल बावट्याचे कट्टर, रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर आणि सोमवारी गेट मीटिंगलाही पहिल्याच रांगेत.

तर एकदा आमच्या घरी संध्याकाळची घरसभा होती. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे बोधकथा. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, मालक पहाटे जातो, एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो, मग नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी पाच वाजता जाऊन उभे असलेले आणखी काही घेऊन येतो. संध्याकाळी पगार. मोशेचं नियमशास्त्रच होतं तसं, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, चोवीसाव्या अध्यायात आहे, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. आणि तो सगळ्यांना एकेक दिनार देतो, पाचला आलेल्यालाही.

अण्णा ताडकन उठले. "काय सांगायलाव पाळकसाहेब? दिवसभर उन्हात राबलेला आणि तासभर हात लावलेला, दोघांचा पगार एक? आमच्यात असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला असता पण माणूस आत गेला नसता!" आजी आतून चहा घेऊन येत होती ती दारातच थांबली. पाळकसाहेब म्हणाले, अण्णा, हा दाखला आहे. अण्णा म्हणाले, दाखला असला म्हणून काय झालं, हिशोब हिशोबच ना. आणि वर त्यांनी एक मुद्दा काढला जो मला पुढे कुठल्याच जाडजूड भाष्यात इतका चोख सापडला नाही. म्हणाले, "बरं, द्यायचेत तर द्या, पण त्या कारभाऱ्याला अक्कल नको? आधी पहाटेच्यांना पैसे देऊन घरी लावायचं, मग पाचवाल्यांना काय द्यायचं ते द्या, कुणाला कळलं असतं? हा शेवटच्यांपासून सुरू करतोय, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! मुद्दाम भांडण लावायचं काम आहे हे."

मंडळी, हेच तर आहे! मुद्दामच आहे ते. मालकाला पहाटेच्या लोकांना ते दाखवायचंच होतं.

पाळकसाहेब जुने, शांत माणूस. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही कायम कधी झालात?" आता हे मिलची माहिती नसलेल्या तरुण पोरांना सांगायला पाहिजे. मिलमध्ये सरळ नोकरी लागत नव्हती, आधी बदली. म्हणजे रोज शिफ्टच्या आधी डबा घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगार कोण आला नाही ते बघून आतून जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, यायचा आणि जितकी माणसं कमी तितकी नावं पुकारायचा. नाव आलं तर आत, नाही आलं तर घरी. अशी वर्षंच्या वर्षं जायची. आणि घरी पोरांना बापाला विचारावं लागायचं नाही, डबा हातात घेतला की कळायचं. जड डबा म्हणजे आज काम नाही. मग तीच भाकरी, तीच शेंगाचटणी दुपारी घरात सगळ्यांनी वाटून खायची आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

अण्णा बराच काळ बदलीवर होते. पाळकसाहेबांनी परत पुस्तक उघडलं आणि फक्त सहावं-सातवं वचन वाचलं. मालक पाच वाजताच्या लोकांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. आळशी नव्हते ते. नाव पुकारलं नव्हतं. आणि पोट तर पाचला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचं असतं, एका तासाचं पोट कुणाला नसतं.

अण्णा खाली बसले. पटलं का? छे! चहा पिऊन म्हणाले, "ठीक आहे, पण युनियनला विचारायला पाहिजे होतं."

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि मी अजून रोमकरांस पत्र उघडलेलंच नाही, तर आता भरभर जातो, वचनं घरी जाऊन काढा.

ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्याचं म्हणणं थोडक्यात असं. रोमकरांस तीन, तेवीस, सर्वांनी पाप केलंय आणि सगळे देवाच्या गौरवाला उणे पडलेत. सर्वांनी, म्हणजे नियमशास्त्र असलेले आणि नसलेले दोघांनी. पाप म्हणजे दारू, सिनेमा आणि जुगार एवढीच यादी आपण करून ठेवलीय, पण पौलाच्या यादीत बढाई पण आहे, आणि बढाई सगळ्यात जास्त पहिल्या बाकावर असते, माफ करा पहिला बाक. मग माणूस नीतिमान ठरतो कसा? कर्मांनी नाही, ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यावर भरवसा ठेवून. आणि चौथ्या अध्यायात तो थेट मजुरीवरच येतो, काम करणाऱ्याला मिळतो तो पगार, ते देणं असतं, मेहरबानी नव्हे. पण जो काम दाखवत नाही, अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास टाकतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून धरला जातो. अधर्म्याला! अण्णा असते तर परत उठले असते.

आता पुरावा म्हणून पौल अब्राहाम आणतो, आणि तारखांवर पकडतो, वकील माणूस. उत्पत्ती पंधरा, सहा, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं. सुंता, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची अंगावरची खूण, कधी झाली? सतराव्या अध्यायात, तेव्हा तो 99 वर्षांचा. आणि त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 चा, म्हणजे विश्वासाची गोष्ट त्याच्याही आधीची, मधे निदान 13 वर्षं. मग नीतिमान ठरला तेव्हा त्याच्या अंगावर खूण कुठली होती? कुठलीच नाही. आणि नियमशास्त्र तर गलतीकरांसमध्ये म्हटलंय तसं आणखी 430 वर्षांनी आलं.

येशूच्या तोंडीही हे आहेच, लूक अठरा, परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देतो, आणि खोटं काही बोलत नाही तो. जकातदार मान वर न करता नुसती दया मागतो आणि नीतिमान ठरून घरी जातो.

मग बायबलातलं याकोबाचं पत्र? हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून आधीच सांगतो. याकोब म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही, क्रियांनी माणूस नीतिमान ठरतो, आणि तोही अब्राहामच आणतो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला ते पत्र इतकं खटकलं की 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण बघा, याकोब बोलतो अब्राहामाने मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेलं त्याबद्दल, उत्पत्ती बावीस, पौलाच्या पुराव्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि तो ज्या विश्वासावर तुटून पडतो तो भुतांचाही असतो, देव एक आहे हे त्यांनाही मान्य आहे आणि ती थरथर कापतात. पौल त्याला विश्वास म्हणतच नाही. कॅथलिक बंधूही बसलेत इथे, त्यांच्यासाठी सांगतो, या एका मुद्द्यावर 1547 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेत दार लागलं आणि 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी याच मुद्द्यावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर एकत्र सही केली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण आपल्या गावातल्या दोन पंचकमिट्यांपेक्षा ते लवकर एका टेबलावर आले.

दोन मिनिटं? एकच राहिलंय, आणि तेच खरं मला सांगायचं होतं. पौलाच्या पत्रांत हे तत्त्व सगळ्यात तापलेल्या आवाजात कुठे येतं? गलतीकरांस दोनमध्ये, आणि तिथे भांडण पंगतीवरून आहे. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, याकोबाकडची माणसं आली तसा तो पानावरून सरकला. पौलाचा साथीदार बर्णबासुद्धा सरकला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर विचारलं, आणि त्याच बोलण्याच्या ओघात हे वाक्य येतं की नियमशास्त्राच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरत नाही. आणि द्राक्षमळ्यातल्या पहाटेवाल्यांचीही तक्रार तीच आहे, नीट वाचा, बारावं वचन. आम्हाला कमी दिलं असं ते म्हणत नाहीत, ठरलेला दिनार पूर्ण मिळालाय. यांना आमच्या बरोबरीला बसवलं, ही तक्रार आहे.

कवी ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. आपणही कुणी कुठून, कुणी कुठून आलो. पण मुलीचं स्थळ आलं की आपल्यातली वयस्कर मंडळी आवाज बारीक करून काय विचारतात? "पूर्वीचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कुठली. आता अस्वस्थ होऊ नका, मी कुणाकडे बघत नाहीये. बाप्तिस्मा होऊन चार-चार पिढ्या झाल्या, आणि कोण पहाटे आला, कोण पाचला आला, याची वही आपल्याकडे अजून उघडी आहे. आणि जे विचारतात ना, तेच रविवारी कृपेचं गाणं सगळ्यात मोठ्याने म्हणतात, आणि सुरातही म्हणतात हे आणखी वाईट.

बस, पाळकसाहेब उभे राहिले म्हणजे माझं संपलं. पवित्रीकरणाचा भाग राहिला तो राहिला. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फक्त दशांशाचा प्रश्न असेल तर मला नाही, खजिनदारांना, ते तिकडे पंख्याखाली बसलेत.