करूसोला द्यायला हवं होतं का?

नमस्कार. संयोजकांनी विषय दिला होता, ‘लोकांच्या लाडक्या राखीव खेळाडूला संघाने दुसऱ्याकडे द्यावं का’. मी तो एका माणसापुरता आवळून घेतलाय, कारण तो एक माणूस नीट समजला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. त्याचं नाव अ‍ॅलेक्स करूसो.

२०१६ साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, साठ खेळाडू निवडले गेले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून आलेला हा मुलगा त्या साठांत नव्हता. पहिलं वर्ष तो ऑक्लाहोमा सिटीच्या धाकट्या संघात खेळला. मग लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला, तेही काही दिवस मुख्य संघात, काही दिवस धाकट्या संघात अशा करारावर. २०१९-२० मध्ये त्याची सरासरी होती सामन्याला साडेपाच गुण. आणि त्याच मोसमात ऑल-स्टारच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्याच्या मतदानात चाहत्यांनी त्याच्या नावावर लाखो मतं टाकली.

अनेकांनी तेव्हा याला गंमत म्हटलं. टक्कल, कपाळाला पट्टी, शेजारी लेब्रॉन जेम्स, म्हणून लोकांना मजा वाटते, असं म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी बरीच वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवलाय. प्रेक्षक विनाकारण कुणाला डोक्यावर घेत नाहीत. गुणफलकावर न दिसणारं काहीतरी त्यांना दिसलेलं असतं, फक्त त्याचं नाव त्यांना सांगता येत नाही. हा माणूस सुटलेल्या चेंडूवर जमिनीवर झेपावतो, समोरच्याचा पास आधी ओळखतो, स्वतःचा गडी सोडून दुसऱ्याची चूक सावरतो. यातल्या बहुतेक गोष्टींचे गुण मिळत नाहीत.

त्या मोजायला एक कच्चं माप आहे, प्लस-मायनस. खेळाडू मैदानात असताना आपण किती गुण केले, समोरच्याने किती केले, त्याची वजाबाकी. एका सामन्यापुरतं हे माप फसवं असतं, कारण बरोबर कोण खेळतंय यावर ते हलतं. पण महिनोन्‌महिने एकाच माणसाच्या नावापुढे अधिकचं चिन्ह येत राहिलं, तर प्रशिक्षकाने थांबून बघायला हवं. लेकर्सच्या प्रशिक्षकांनी बघितलं. ११ ऑक्टोबर २०२० ला मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात त्यांनी करूसोला सुरुवातीच्या पाचांत उतरवलं. लेकर्स १०६-९३ जिंकले, विजेतेपद मिळालं.

दहा महिन्यांत तो लेकर्समध्ये राहिला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला आणि शिकागो बुल्सने त्याला चार वर्षांसाठी ३ कोटी ७० लाख डॉलर दिले. तेवढ्याच पैशांत थांबण्याची संधी आपण लेकर्सना दिली होती, त्यांनी नाही म्हटलं, असं पुढे तो स्वतः बोलला. त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी रसेल वेस्टब्रूकसारखा बडा तारा आणला होता आणि खर्चाचा आकडा फुगला होता. पुढच्या मोसमात ते ८२ पैकी ३३ सामने जिंकले. एका करूसोमुळे ते घसरले असं मी म्हणणार नाही, दुखापतीही होत्याच. पण ज्याला जेतेपदाची आशा आहे त्या संघाने असा माणूस पैशासाठी सोडणं ही सरळ चूक होती. तिथे माझ्या मनात शंका नाही.

शिकागोचं प्रकरण मात्र अवघड आहे, आणि आजचा खरा प्रश्न तिथेच आहे.

बुल्सनी करूसोबरोबर लॉन्झो बॉललाही आणलं होतं. दोघे मिळून समोरच्याचा श्वास कोंडत. काही काळ शिकागो पूर्व विभागात पहिलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये बॉलचा गुडघा गेला आणि तो अडीच मोसम परतलाच नाही. तिथून पुढे संघ ४०, मग ३९ विजयांवर अडकला. धड वर नाही, धड खाली नाही. करूसो मात्र चांगलाच होत गेला. २०२३ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचांत निवडला गेला. शिकागोतल्या लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं. अशा वेळी व्यवस्थापनाने काय करावं?

माझं उत्तर कदाचित तुम्हाला कठोर वाटेल. द्यायला हवं होतं. करूसोसारख्या खेळाडूचं मोल संघ जिंकण्याच्या बेतात असताना सगळ्यात जास्त असतं. सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांत एक पास अडवणं म्हणजे काय, हे बाद फेरीत कळतं. चाळीस विजयांच्या संघात तेच काम वाया जातं, आणि माणूस तिशीकडे सरकत असतो. पण द्यायचं तर २०२३ मध्ये, करार दोन वर्षांचा शिल्लक असताना. शिवाय अमेरिकेत अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात. ज्याचा पगार लहान, त्याच्या बदल्यात मोठा तारा मिळत नाही, मिळतात ते ड्राफ्टचे हक्क, म्हणजे पुढच्या निवडीत खेळाडू घेण्याची पाळी, किंवा कोवळा खेळाडू. त्यामुळे घाई करून चालत नाही आणि फार थांबूनही चालत नाही.

शिकागो थांबलं. जून २०२४ मध्ये तीस वर्षांचा करूसो ऑक्लाहोमा सिटीला गेला आणि बदल्यात एकटा जॉश गिडी आला, सोबत ड्राफ्टचा एकही हक्क नाही. गिडी तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि तो वाईट खेळाडू नाही. पहिल्याच मोसमात त्याने सामन्याला १४.६ गुण, ८.१ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ७.२ असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास) केले. तरी बुल्स पुन्हा ३९ सामनेच जिंकले.

आणि तिकडे? १८ मे २०२५, बाद फेरीत डेन्व्हरविरुद्धचा निर्णायक सातवा सामना. निकोला योकिच, उंची सहा फूट अकरा इंच, त्या काळातला सगळ्यात अवघड खेळाडू. त्याच्यासमोर ऑक्लाहोमाने उभा केला सहा फूट पाच इंचांचा करूसो. त्याने योकिचच्या पाठीमागे न राहता पुढे उभं राहून चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक पासवर हात, प्रत्येक पासवर धक्काबुक्की. ऑक्लाहोमा १२५-९३ जिंकलं. करूसो मैदानात असताना त्यांची आघाडी ४० गुणांनी वाढली होती. महिन्याभराने, इंडियानाविरुद्धच्या अंतिम मालिकेत, त्याने बाकावरून येऊन दोनदा वीस-वीस गुण केले. ज्या गावात त्याने धाकट्या संघातून सुरुवात केली, तिथेच दुसरं विजेतेपद.

आता इंडियानाचा उल्लेख आला आहे तर थोडं थांबतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे सामने झाले, तेव्हा सॅक्रामेंटोविरुद्ध खेळलेला संघ हाच, इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा संपला होता. इथे बसलेल्यांपैकी काही जण तेव्हा शाळकरी होते आणि तिथे होते, मला माहीत आहे. त्या उन्हाळ्यात पेसर्सकडे टी. जे. मॅककॉनेल नावाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, आला होता. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, तोही बाकावरचा, तोही लोकांचा जीव की प्राण. पेसर्सनी त्याला दिलं नाही. २०२४ मध्ये त्याचा करार चार वर्षांनी वाढवला, साडेचार कोटी डॉलर देऊन. वय बत्तीस. अनेकांनी भुवया उंचावल्या.

२०२५ ची अंतिम मालिका, तिसरा सामना. समोरचा संघ गुण खाल्ल्यावर बाहेरून चेंडू आत टाकतो, त्या क्षणाला बहुतेक खेळाडू पाठ फिरवून आपल्या अर्ध्यात धावतात. मॅककॉनेल थांबायचा. तिथेच, टोपलीखाली, आणि चेंडू हिसकावायचा. पाच वेळा त्याने चेंडू काढून घेतला, दहा गुण, पाच असिस्ट. पेसर्सच्या बाकाने ४९ गुण केले, ऑक्लाहोमाच्या बाकाने १८. सामना ११६-१०७ पेसर्सचा. प्रेक्षागृह उभं होतं, आणि समोरच्या बाजूला करूसो होता.