दगड जन्माला आला असता तर

हा स्टीलचा पेला. काठाला पोचा आहे बघा, इथे. मी तिसरीत होतो, पेला हातातून निसटला, दूध पसरत पार फ्रीजखाली गेलं आणि बाबा म्हणाले, तुझ्याऐवजी दगड जन्माला आला असता तर धुणं धुवायला तरी कामी आला असता. हात नाही उगारला त्यांनी, कधीच नाही, सगळे म्हणायचे नशीबवान आहेस, बाप मारत नाही.

आज मी ४२ वर्षांचा आहे. ऑफिसात साधा मेल टाकायचा तरी पाच वेळा वाचतो, साहेब नुसतं "जरा ये" म्हणाले तरी पोटात गोळा येतो, आणि हातून काहीही पडलं की आधी दाराकडे बघतो, कोणी आलं का. बाबांना मध्ये विचारलं तर म्हणाले, छे, मी असं कधी बोललो? खोटं नव्हते बोलत, त्यांना खरंच आठवत नाही.

आपल्याकडे असल्या बोलण्याला काही कमी नाही. बिनडोक, ठोंब्या, अक्कल गहाण टाकलीस का, कुणावर गेलाय देव जाणे. मुलींना तर वेगळंच, काळी, जाडी, हिला कोण करून घेणार, ते पण पाहुण्यांसमोर हसत हसत. आणि वरून, अगं मायेपोटीच बोलतो ना!

ह्या मायेपोटीचंच मला सांगायचंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ९७६ कुटुंबांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षी ज्यांच्यावर आईबाप ओरडत होते, शिव्या देत होते, मूर्ख, आळशी म्हणत होते त्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात डिप्रेशनची लक्षणं वाढलेली दिसली, वागणं सुधारायचं सोडून उलट बिघडलं. आणि घरात माया भरपूर होती तिथेही हे नुकसान कमी झालं नाही. म्हणजे रात्री जवळ घेतलं म्हणून सकाळचं बोलणं पुसलं जात नाही हो.

हार्वर्डशी जोडलेल्या मॅक्लीन हॉस्पिटलात मार्टिन टायचर आणि त्यांच्या टीमने लहानपणी घरच्यांची बोलणी खाल्लेल्या तरुणांच्या मेंदूचे स्कॅन केले, तर ऐकण्याशी संबंधित भागातच फरक दिसला. मार दिसतो, वळ उठतो, शेजारी विचारतात. हे कुणाला दिसणार?

शाळेत निदान कायदा आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. घरात असह्य होत असेल तर मुलांनी १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मोठ्यांनीही मुलासाठी करायला हरकत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलीच्या हातून दूध सांडलं. ते दगडाचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं, बाबांच्याच आवाजात, शपथ सांगतो. गिळलं मी ते. पण त्याआधी एकदोनदा तिला बिनडोक म्हणालो होतो, आणि ते तिच्या लक्षात होतं, कारण दूध तिच्या पायापर्यंत आलं तरी ती खाली बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फडकं आणलं, तिच्याशेजारी बसलो, आधी त्या बिनडोकबद्दल सॉरी म्हणालो आणि मग दोघांनी मिळून फरशी पुसली.