साइक्स नावाची माणसे

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते एका इंग्रजी आडनावाविषयी, आणि ते आडनाव म्हणजे साइक्स. इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलीत माळरानातून वाहणाऱ्या लहानशा ओहोळाला ‘साइक’ म्हणतात. असे ओहोळ पुष्कळदा शेतांची हद्द ठरवीत आणि त्यांच्या काठी राहणाऱ्यास त्यावरूनच ओळखले जाई. तेराव्या-चौदाव्या शतकांत अशी ओळख बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि तिचे आडनाव झाले. यॉर्कशरच्या पश्चिम भागात ओहोळांना तोटा नाही. म्हणून जितके ओहोळ तितकी साइक्स घराणी, असेच अभ्यासक धरून चालले होते. जितके ओहोळ, तितकी घराणी. हे लक्षात असू द्यावे.

आता मला सांगायला फार आवडतो तो किस्सा. ब्रायन साइक्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठात आनुवंशिकीचे प्राध्यापक होते, लंडनला जन्मलेले. त्याच काळात ग्लॅक्सो वेलकम या मोठ्या औषध कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स, आणि त्यांचा जन्म यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डचा. आडनाव एकच असल्यामुळे प्राध्यापकांना प्रश्न आला की, आपण सर रिचर्ड यांचे नातलग आहात काय? आपल्याकडे अशा वेळी कुलदैवत आणि मूळ गाव विचारून तासभर चर्चा झाली असती. या गृहस्थांनी सर रिचर्ड यांच्या पेशींचा नमुना मागून घेतला आणि त्यातील वाय गुणसूत्र आपल्या गुणसूत्राशी ताडून पाहिले. हे गुणसूत्र आडनावाप्रमाणेच बापाकडून मुलाला मिळते. दोघांची खूण जुळली! एकमेकांना नातलग म्हणून न ओळखणाऱ्या या दोन माणसांचा पूर्वज, पुरुषपरंपरेने, एकच असावा असे दिसू लागले.

योगायोग असेल म्हणून प्राध्यापकांनी यॉर्कशर, लँकशर आणि चेशर या परगण्यांतील साइक्स पुरुषांना पत्रे पाठवून नमुने मागविले. त्यांपैकी 48 जणांची तपासणी झाली आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये नेमकी तीच खूण सापडली. 48 पैकी जवळजवळ निम्मे, श्रोतेहो. आणि त्याच भागातील इतर आडनावांच्या तुलनेसाठी घेतलेल्या पुरुषांत ती खूण आढळलीच नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, आजच्या साइक्स पुरुषांचा मूळ पुरुष एकच असावा, असा निष्कर्ष मांडला गेला.

मग उरलेल्या निम्म्यांचे काय? दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे आणि विवाहबाह्य संतती, ही त्याची संभाव्य कारणे. वृत्तपत्रांना तिसऱ्याच कारणात रस असतो. परंतु 700 वर्षांचा हिशेब मांडला तर हे प्रमाण पिढीमागे केवळ 1.3 टक्के येते, आणि मला तरी त्यातून संसाराची निष्ठाच अधिक दिसते. अर्थात, त्या वेळी ही खूण ठरविण्यासाठी गुणसूत्रावरील चारच जागा तपासल्या होत्या आणि आजच्या मानाने त्या फारच थोड्या आहेत. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावाला तर असा एकच मूळ पुरुष सापडत नाही, हे लेस्टर विद्यापीठातील नंतरच्या संशोधनाने दाखविले.

आजही हे आडनाव हडर्सफील्ड आणि त्याच्या आसपासच्या लोकरीच्या गिरण्यांच्या पट्ट्यातच सर्वाधिक दाट आहे. तेथून ते अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेले. दख्खनलाही ते आले: ब्रॅडफर्डजवळचे विल्यम हेन्री साइक्स खडकीच्या लढाईत होते, पुढे त्यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा केली आणि येथील पक्ष्यांची यादी 1832 साली छापली, चंडोलाची एक जात आजही इंग्रजीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जाता जाता एक तक्रार. ‘साइक्स घराण्याचे कुलचिन्ह’ छापलेले पेले परदेशी दुकानांत विकले जातात आणि लोक ते हौसेने घेतात. इंग्लंडमध्ये असे चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या पुरुषवंशजांना दिले जाते, आडनावाला नव्हे. त्यामुळे हडर्सफील्डच्या एखाद्या विणकर साइक्सचा पणतू तो पेला विकत घेतो, तेव्हा त्यावरचे चिन्ह बहुधा दुसऱ्याच साइक्सचे असते. नमस्कार.