लाटणं आणि करदोडा

दारव्हा तालुक्यातलं गाव. सकाळचे साडेसहा, वावरात पऱ्हाटी अजून उभी आहे, आणि या अंगणात सात वर्षांची पोरगी दोन्ही हात पसरून उभी आहे. माय लाटणं घेऊन तिच्या अंगावरून फिरवतेय, काखेखालून, कमरेवरून, पार पायापर्यंत. "हालू नोको वं बाई." "गुदगुल्या होते ना माय!" उद्या पहिल्यांदा विमानात बसायचंय, मामाकडं दिल्लीला, आणि विमानतळावर तपासणीला मशीन असंच अंगावरून फिरवतात हे मायनं मोबाईलवर पाहून ठेवलंय.

आजी पैंजण काढतेय बघा. कमरेचा चांदीचा करदोडा मात्र निघत नाही, गाठ बसलीय, राहू दे म्हणते. मशीन धातूवरच वाजतं, आणि वाजलं की हातानं तपासतात.

ही जिल्हा परिषदेची शाळा. भिंतीवर तक्ता, चांगला स्पर्श, वाईट स्पर्श. मॅडम विचारतात, अनोळखी माणसानं अंगाला हात लावला तर? अख्खा वर्ग ओरडतो, "नाही!" आपली पोरगी सगळ्यात जोरात. आणि घरी माय शिकवतेय, गप उभी राह्य. दोन्ही धडे एकाच लेकराला, एकाच आठवड्यात.

तपासणीच नको असं आम्ही म्हणत नाही. डिसेंबर १९९९ ला आयसी-८१४ हे आपलं विमान पळवून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडं, म्हणजे केंद्राच्या औद्योगिक सुरक्षा दलाकडं, जायला लागली, आणि लेकराच्या कपड्यात मोठं माणूस काहीही लपवू शकतं हेही खरंच. पण अमेरिकेत बघा, २००९ च्या ख्रिसमसला एकानं अंडरवेअरमध्ये स्फोटकं नेली, म्हणून २०१० ला हातानं झडती फार कडक केली, २०११ ला सहा वर्षांच्या मुलीच्या झडतीचा व्हिडिओ पसरला, लोक भडकले, आणि त्याच वर्षी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पद्धत बदलली, बूट पायातच राहू द्यायचे आणि हात लावण्याआधी मशीनमधून परत पाठवायचं. म्हणजे जमतं ना. आपल्याकडंही करदोडा आधी दाखवू द्या, परत मशीनमधून काढा, आणि हात लावायचाच असेल तर मायच्या समोर, लेकराला आधी सांगून.

ही यष्टी. खिडकीतून ती हात हलवतेय, पूर्ण गाव सोडायला आलंय. विमानतळाच्या दारापर्यंतच आमचा कॅमेरा गेला. आत करदोडा वाजला, पडद्यामागं तपासलं, मायची लाईन मागं होती, दोन मिनिटांत झालं.

तेच अंगण, महिन्यानंतर. आजी पैंजण घेऊन मागं मागं फिरतेय, पोरगी पायाला हात लावू देत नाही.