बुडावरची सही

(दृश्य : टोकियो. नाकानो स्टेशनचं उत्तरेकडचं दार, समोर छप्पर घातलेली पेठ, गर्दी.)

शिंजुकूहून चुओ लाइनची जलद गाडी पकडली की पहिलंच स्टेशन नाकानो. बाहेर पडलं की समोर पेठ, आणि पेठ संपते तिथे नाकानो ब्रॉडवे. इमारत १९६६ सालची. वर लोक राहतात, खाली दुकानं. खालून निघालेला सरकता जिना मधला मजला गाळून थेट त्याच्या वरच्या मजल्यावर नेऊन सोडतो. मावशीला हे फार आवडलं. "फास्ट आहे रे हा, मुलुंडला थांबत नाही!"

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी. ठाण्याची, नौपाड्यातली, बँकेतून निवृत्त झालेली. घरी काचेच्या कपाटात तंजावरची मान डोलावणारी बाई आहे, कोंडापल्लीचा शेतकरी आहे, कृष्णनगरची मातीची म्हातारी आहे, राजस्थानी कठपुतळ्या तर खुंटीला टांगलेल्या. साठीनंतर बाहुल्या जमवणाऱ्या बाईला नातेवाईक काय काय म्हणतात, ते या फिल्ममध्ये घेतलेलं नाही. फिल्म उगाच लांबली असती.

(दृश्य : ब्रॉडवेतल्या अरुंद गल्ल्या, काचेची कपाटं, दिवे.)

इथेच १९८० साली मांदाराके नावाचं जुन्या कॉमिक्सचं एक लहानसं दुकान निघालं. आज त्याच नावाची कितीतरी दुकानं या इमारतीत विखुरलेली आहेत. कुठे जुनी खेळणी, कुठे पोस्टर, कुठे फक्त बाहुल्या. दुकानांच्या आत आम्ही कॅमेरा बंद ठेवला, त्यामुळे दिसतंय ते सगळं बाहेरून, काचेतून.

ही छोटी, बदामी डोळ्यांची, ती रिका-चान. ताकारा कंपनीने ती १९६७ साली बाजारात आणली. कंपनीला खरं तर बाहुली करायचीच नव्हती, करायचं होतं बाहुलीचं घर, मुलींना हातात धरून मैत्रिणीकडे नेता येईल असं. पण त्या वेळच्या बाहुल्या मोठ्या होत्या. त्यांच्या मापाचं घर केलं तर ते उचलणार कोण? मग घराच्या मापाची बाहुली केली, जेमतेम २१ सेंटिमीटरची. तिला कुटुंबही दिलं. आई फॅशन डिझायनर, वडील फ्रेंच संगीतकार, स्वतः पाचवीत. इतक्या वर्षांत पोरगी सहावीत गेलेली नाही.

तिच्या शेजारची मोठ्या डोक्याची ती ब्लाइथ. डोक्यामागची दोरी ओढली की डोळे मिटतात, आणि उघडतात तेव्हा रंग बदललेला असतो. असे चार रंग. अमेरिकेत केनर कंपनीने ती १९७२ मध्ये काढली, आणि मुलांनी नाकारली म्हणून वर्षभरात बंदही केली. पुढे एका छायाचित्रकार बाईने तिचे फोटो काढले, ते जपानपर्यंत पोचले आणि २००१ पासून ताकाराने ती नव्याने बनवायला घेतली. जिला पोरांनी टाकलं तिला मोठ्यांनी डोक्यावर घेतलं. मूळ १९७२ च्या बाहुलीची किंमत मावशीने पाटीवर वाचली, शून्यं पुन्हा एकदा मोजली आणि चष्मा काढून ठेवला.

घेतलं इथे काहीच नाही. आवडलं नाही असं नव्हे. रिकाचं घर ती बराच वेळ काचेला नाक लावून बघत होती. पण बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळ्यांवर कंपनीचं नाव आहे. केली कोणी?"

(दृश्य : युराकुचो. काचेची प्रचंड इमारत, बाहेरच्या चौकात झाडांखाली अंथरलेल्या चादरी, त्यावर जुन्या वस्तू.)

महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी टोकियो इंटरनॅशनल फोरमच्या चौकात जुना बाजार भरतो. पाऊस असला तर नाही. किमोनो, चिनी मातीच्या वाट्या, घड्याळं, आणि जवळजवळ प्रत्येक चौथ्या चादरीवर कोकेशी. लाकडाची बाहुली. हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोकं, दंडगोल धड, चार फटकाऱ्यांत काढलेला चेहरा.

आता मावशीचे हात बघा. इतर गिऱ्हाईकं बाहुलीचं तोंड बघतात, ही सरळ उलटी करते. कोकेशीच्या बुडावर शाईने केलेली सही असते, बनवणाऱ्याची. या तपकिरी बाहुलीवर सहीच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं दिसतंय. दुकानदारीणबाईंनी बोटांवर करून दाखवलं, आधी सात, मग तीन. किंमत असावी असं आम्हाला वाटलं. ते वय होतं. कारागिराने ही बाहुली केली तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. म्हातारे कारागीर नावाबरोबर वय लिहितात, आणि जमवणारे तेही बघून घेतात.

(इथे निवेदन नाही. मावशी आणि दुकानदारीणबाई.)

आठशे येन. घासाघीस केली नाही. मावशीने घासाघीस केली नाही, हे ठाण्यातल्या भाजीवाल्यांना कळवायला हवं.

(दृश्य : आगगाडीची खिडकी, डोंगर, वाफ. नारुको ओनसेन स्टेशन.)

सही वाचता येत नव्हती, पण घडणीवरून गाव कळतं. धडाला खांदा, कंबरेशी किंचित आत, पोटावर शेवंती, डोक्यावर लाल फितीचा तुरा. ही नारुकोची. तोहोकूत, म्हणजे जपानच्या ईशान्य भागात, अशी दहा-अकरा घराणी आहेत. त्सुचियूच्या बाहुलीचं डोकं लहान, त्यावर वर्तुळात वर्तुळ. तोगात्ताची डोक्याने मोठी, टाळूवर लाल पाकळ्या. नांबूची बहुधा बिनरंगी, मान सैल. त्सुगारूची डोक्यासकट एकाच लाकडातून काढलेली. घराणं गुरूकडून शिष्याकडे, नाहीतर बापाकडून मुलाकडे जातं. गाण्यासारखंच.

टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुरुकावा, तिथून डोंगरात जाणारी छोटी गाडी. नारुको हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. लाकडाच्या वाट्या आणि थाळ्या करणारे कातारी इथे पिढ्यान् पिढ्या होते. सुगी संपली की शेतकरी अंग शेकायला झऱ्यांवर येत. परत जाताना पोरांना काय न्यायचं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातारी उरल्यासुरल्या तुकड्यांतून बाहुल्या काढू लागले.

(दृश्य : कारखाना. लाकूड कातायचा चरक फिरतोय, भुसा उडतोय.)

हे लाकूड मिझुकी नावाच्या झाडाचं, पांढरं, मऊ, बारीक पोताचं. ओंडक्याची साल काढून तो महिनोन् महिने उभा वाळवतात, ओला कातला तर तडकतो. मग मापाने तुकडे. पूर्वी चरक फिरवायला दोरी ओढणारं दुसरं माणूस लागे, पुढे पायाचा चरक आला, आता मोटर. धड वेगळं, डोकं वेगळं. कातलेला तुकडा फिरत असतानाच घासायचा. जुन्या पद्धतीत त्यासाठी सांध्यासांध्याचं एक खरखरीत गवत वापरत. आता बहुतेक पॉलिशपेपर. रंगाच्या गोल रेघाही चरक फिरत असतानाच. कुंचला फक्त टेकवून ठेवायचा, रेघ लाकूड स्वतःच ओढून घेतं.

आणि हा प्रसंग आम्ही संथ गतीने दाखवतोय. धड चरकावर जोरात फिरतंय. कारागीर डोक्याचा खुंटा त्यावर दाबतो. घर्षणाने लाकूड तापतं, आणि डोकं खटकन आत बसतं. गोंद नाही, खिळा नाही. पुन्हा निघत नाही, पण फिरतं. नारुकोच्या बाहुलीची मान फिरवली की ती कुईकुई करते. ऐका.

(आवाज. पुन्हा एकदा आवाज.)

डोळे सगळ्यात शेवटी. तेव्हा कारखान्यात कोणी बोलत नाही. आम्हीही बोलत नाही.

शेवटी बाहुली उलटी. बुडावर सही.

ही सही परंपरेने चालत आलेली नाही. जुन्या काळच्या बहुतेक कोकेशींच्या बुडाला काहीच नाही, कारण ते पोरांचं खेळणं होतं, मोडलं तर चुलीत. पुढे सेल्युलॉइडची स्वस्त खेळणी आली आणि पोरांनी लाकडाकडे पाठ फिरवली. धंदा बसणार, तेवढ्यात १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरातले हौशी लोक झऱ्यांच्या गावी यायला लागले. ते विचारत, ही कोणाची? ती कोणाची? याद्या करत, पुस्तकं काढत. विचारणारे वाढले तशा सह्या होऊ लागल्या. म्हणजे सही आधी कारागिराला सुचली नाही, गिऱ्हाइकाने मागितली. १९८१ मध्ये मियागीच्या, म्हणजे नारुको ज्या प्रांतात आहे तिथल्या, कोकेशीला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, तोवर लाकडाची बाहुली करणारा माणूस नावाने ओळखला जाऊ लागला होता.

कारागीर आता कमी उरलेत आणि बहुतेक वयाने मोठे आहेत. पुढे जाऊ.

(दृश्य : हॉटेलची खोली. मोज्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या.)

पॅकिंग मावशीचं. एका मोज्यात एक बाहुली. नारुकोला आणखी दोन घेतल्या, म्हणून जाताना मोजे कमी पडले. विमानतळावर कोणी काही विचारलं नाही, त्यामुळे दाखवण्यासारखं काही नाही.

(दृश्य : ठाणे. गावदेवी मैदानातलं प्रदर्शन. पापड, पैठण्या, कोकम, लाकडी फळं.)

कोकणातल्या वस्तूंचा हा गाळा. सावंतवाडीची लाकडी फळं, पोळपाट-लाटणी, भातुकलीचे संच, आणि मागच्या ओळीत रंगीत बाहुल्या. काम हातचंच. साडीच्या काठाची रेघ बघा, कुठे जाड, कुठे बारीक. मावशीने बाहुली उचलली आणि पालथी केली. बुडावर किमतीचं स्टिकर. तिने नखाने स्टिकर काढलं. खाली लाकूड.

गाळ्यावरचा मुलगा म्हणाला, "सावंतवाडीची आहे काकू, ओरिजिनल."

"सावंतवाडीत कोणाची?"

"चितारआळीतली."

"चितारआळीत कोणाची रे बाळा?"

मुलाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी घासण्याचा आवाज, मग माणसाचा.

"नाव कित्याक व्हया? बावली मोडली काय?"

"मोडली नाही हो. छान आहे. तुम्ही केलीत का, एवढंच विचारतेय. बुडाशी सही का करत नाही तुम्ही?"

"सही? बुडार?" घासण्याचा आवाज थांबला. "गिरायक म्हणतला, डाग पडलो."

"मी नाही म्हणणार. चार करा माझ्यासाठी, चारींवर सही करा. वय पण लिहा."

"वय कित्याक?"

ते समजावून सांगायला मावशीला बराच वेळ लागला, तो भाग आम्ही कापलाय. ऑर्डर पक्की झाली, अर्धे पैसे आगाऊ दिले. चित्रीकरण संपेपर्यंत बाहुल्या आल्या नव्हत्या, गणपतीचं काम आटपलं की पाठवतो म्हणालेत.