तारेत ओवलेल्या पट्ट्या

(दृश्य: ऑइलने काळा झालेला तळहात. त्यावर एक लोखंडी पट्टी.)

ही पट्टी बघा. जाडी असेल ३ मिलिमीटर. दोन टोकांना दोन भोकं, बोल्टसाठी. मधे भोक असायला हवं होतं, ते नाही. सगळी करामत त्या नसलेल्या भोकाची आहे: इंजिनात परत जाणाऱ्या धुराची वाट ती अडवते. पट्टीच्या एका बाजूला काजळीचा गोल शिक्का, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. दुसरी बाजू जवळजवळ कोरी.

धुळ्याच्या बाहेर, सुरतेच्या रस्त्याला, एका गॅरेजच्या भिंतीवर अशा पट्ट्या तारेत ओवून टांगल्या आहेत. वाळत घातलेल्या मिरच्यांसारख्या. आम्ही मोजायला लागलो, तर मिस्तरी हसले.

"मोजू नका. यातल्या निम्म्या मीच बसवलेल्या. आणि मीच काढल्या."

(दृश्य: महामार्ग, सकाळ. कापसाच्या गाठी भरलेले ट्रक.)

हा राष्ट्रीय महामार्ग ५३. कागदोपत्री नंबर बदलून बरीच वर्षं झाली, पण ड्रायव्हर लोक अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. सुरत, धुळे, जळगाव, नागपूर आणि पुढे थेट ओडिशातलं पारादीप. धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता याला आडवा येतो, त्यामुळे शहराभोवती गॅरेजं, टायरवाले आणि शेवभाजीचे ढाबे एकमेकांना खेटून उभे आहेत.

साडेआठला एक सहाचाकी आत आली. २०१८ची, बीएस-४, म्हणजे धुरावरच्या सरकारी मर्यादांच्या चौथ्या टप्प्यातली. ड्रायव्हर पारोळ्याकडचा. खाली उतरायच्या आधीच बोलला:

"मिस्तरी, गाडी वढीच नही ऱ्हायनी."

सुरतेहून कापडाचे तागे भरून येताना कोंडाईबारीच्या चढावर गाडी पार दुसऱ्या गिअरवर आली. मागून काळा धूर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मागची मोटारसायकलवाली जोडी नाक दाबून पुढे गेली, असं तो स्वतःच सांगतो आणि ओशाळतो. डिझेलही जास्त पितेय. गाडीच्या मालकाचा फोन तिच्या आधी येऊन गेलाय: ईजीआर बंद करून टाका, संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी करा.

गॅरेजमधला पोऱ्या फोनवरचं ऐकून पत्रा कापायलाही बसला. ज्या टेबलावर कापतोय त्याचा एक पाय आखूड आहे. प्रत्येक घावाला टेबल डुलतं.

(दृश्य: इंजिन. मिस्तरींचं बोट एका नळीवरून फिरतं.)

ईजीआर म्हणजे इंजिनाला त्याचंच उष्टं खायला घालण्याची सोय. जळून बाहेर पडलेल्या धुरातला काही भाग सायलेन्सरकडे न सोडता, थंड करून, पुन्हा ताज्या हवेत मिसळायचा आणि आत पाठवायचा. मधे एक झडप असते. किती उष्टं घ्यायचं ते तिच्या उघडझापीवर ठरतं आणि ती उघडझाप गाडीचा संगणक बघतो.

हा उलटा उद्योग कशासाठी? हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधली ज्वाला साधारण १४०० अंशांच्या पुढे गेली की तो ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. पुढे 'नायट्रोजनचा वायू' म्हणतो तो हाच. उष्ट्या हवेत ऑक्सिजन कमी. वर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असते, ती उष्णता शोषून घेते. ज्वाला थोडी निवते, जोडी जमत नाही.

पण फुकट काही नाही. ज्वाला निवली की डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी वाढते. काजळी कमी करायला जावं तर नायट्रोजनचा वायू वाढतो, वायू कमी करायला जावं तर काजळी. डिझेल इंजिन बनवणाऱ्यांचं हे जुनं दुखणं आहे.

(दृश्य: पाना फिरतो. झडप बाहेर येते.)

आता हे जवळून बघा.

झडपेच्या तोंडात बोट जायला हवं. इथे करंगळीसुद्धा जात नाही. आत जमलेला थर कोरडा नाही, डांबरासारखा चिकट आहे. काजळी एकटी असती तर झटकून पडली असती. पण इंजिनाच्या पोटातून येणारी ऑइलची वाफही याच हवेच्या वाटेने जाते. काजळी आणि ऑइल, दोन्ही मिळून हा गिलावा होतो. मिस्तरी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने थोडा काढतात, बोटांत चोळतात, वास घेतात. झडप दाबून बघतात. ती अर्धी उघडी राहून तिथेच रुतली आहे.

म्हणजे कोंडाईबारीत काय झालं ते कळलं. अशा बऱ्याच इंजिनांत ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला की ही झडप आपणहून मिटते, कारण चढाला इंजिनाला ताजी हवा लागते. ही मिटलीच नाही. भरलेली गाडी, चढ, आणि इंजिनाच्या तोंडात उष्टं कोंबलेलं. ओढणार कशी?

पट्टी मारली की हे थांबतं, यात वाद नाही. झडपेच्या वाटेवर पत्रा, दोन बोल्ट, पाऊण तासाचं काम. गाडी त्या दिवशी पळते. ड्रायव्हर खूश, मालक खूश, मिस्तरींचं नाव होतं. पण गाडी पळते ती रुतलेली झडप बाजूला पडली म्हणून. झडप साफ करूनही ती तेवढीच पळाली असती. हे सांगायला मात्र कुणी थांबत नाही.

अमेरिकेत या पट्टीचा मोठा धंदा झाला. पेटीबंद किट: कापून तयार पट्ट्या, पॅकिंग, पाण्याच्या नळीचा जोड, आणि संगणकाने कुरकुर करू नये म्हणून त्याची आज्ञावली बदलणारं यंत्र. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकलेली निघाली. तिथेही ते बेकायदाच होतं. आपल्याकडे पेटी लागत नाही. पत्रा आणि कानस पुरते.

(दृश्य: पीयूसी केंद्र. सायलेन्सरमध्ये नळी.)

इथे मला स्वतःला गोंधळात टाकणारी गोष्ट आली.

पट्टी मारलेली गाडी पीयूसीला नेली तर ती पास होते. नुसती पास होत नाही, आधीपेक्षा चांगली होते. डिझेलच्या तपासणीत सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ऍक्सिलरेटर दाबायला सांगतात, आणि धूर किती दाट आहे ते यंत्र बघतं. बीएस-४ गाडीला मर्यादा आहे १.६२. उष्टं बंद झालं, काजळी घटली, आकडा खाली आला. नायट्रोजनचा वायू हे यंत्र मोजतच नाही.

त्यामुळे पट्टीवाला छातीठोकपणे सांगतो: बघा, धूर कमी झाला, म्हणजे प्रदूषण कमी झालं. आणि समोरच्याला ते पटतं, कारण काळं दिसतं आणि वायू दिसत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आपलं जळगाव आहे, पण तिथेही चर्चा मुख्यतः धुळीच्या कणांची. न दिसणारा वायू मात्र दम्याच्या माणसाला बरोबर सापडतो. मेच्या उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो, आणि उन्हाची खानदेशात कधी टंचाई नव्हती.

नियम या वायूसाठीच कडक होत गेले. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ लागू झालं, तेव्हा मोठ्या गाड्यांना एका युनिटमागे साडेतीन ग्रॅम वायू चालत होता. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आपल्या विजेच्या बिलावरचंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साडेतीनाचे ०.४ झाले. त्या गाड्यांत सायलेन्सरवर वायू मोजणारा सेन्सरच बसवलेला असतो. तिथे पट्टीचा खेळ संगणक ओळखतो आणि गाडीची ओढच कमी करतो.

कायद्याचं थोडक्यात. कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय फेरबदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हवेच्या प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे दंड १०,००० पर्यंत. महामार्गावर बॉनेट उघडून ही पट्टी शोधणारा कुणी भेटला का, असं आम्ही पाच ड्रायव्हरना विचारलं. पाचही जण हसले.

(दृश्य: मिस्तरी, चहाचा ग्लास हातात.)

मग मिस्तरींनी पट्ट्या मारणं का सोडलं? दंडाच्या भीतीने नाही. त्यांच्याच शब्दांत ऐका.

"एक गाडी होती. पाणी कमी व्हायचं. रेडिएटर ठीक, होज ठीक, खाली थेंब नाही. मला वाटलं ईजीआरचं लफडं, मारली पट्टी. एकाच बाजूला. धूर थंड करायचा जो कूलर असतो ना, तो आतून फुटलेला होता. मी तो उघडून बघितलाच नाही. पाणी रात्रभर उलट्या बाजूने झिरपत सिलिंडरमध्ये उतरलं. सकाळी ड्रायव्हरने सेल्फ मारला. पाणी काय दबतं का? कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन खाली. मालकाने मला एक शब्द बोलला नाही. तेच लागलं."

ग्लास खाली ठेवून ते थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "आणि पट्टी मारली की तो पिवळा दिवा कायमचा पेटतो. ड्रायव्हर त्याच्यावर कापड टाकतो. मग दुसरं काही बिघडलं, तर सांगणार कोण?"

(दृश्य: काम सुरू. घासण्याचा आवाज.)

आजच्या गाडीचं काम चार तास चाललं. झडपेची मोटर आधी वेगळी काढली, तिला ओलं करायचं नाही. उरलेला भाग कार्बन क्लीनरमध्ये बुडवून ठेवला. पितळी ब्रश, चिंधी, पुन्हा बुडवणं. झडप जिथे टेकते त्या कडेला पोऱ्याने स्क्रू ड्रायव्हर लावला, तर मिस्तरी खेकसले. तिथे एक ओरखडा गेला की झडप कधीच नीट मिटत नाही. हवेची नळी आतून जवळजवळ निम्मी बुजलेली, तीही खरवडून काढली.

मग कूलर. याची तपासणी बघण्यासारखी आहे. दोन्ही तोंडं बंद केली, एका बाजूने हवा भरली, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याच्या टबात बुडवला. सगळे वाकून पाण्यात बघताहेत, ड्रायव्हरसकट. एकही बुडबुडा नाही. ड्रायव्हरने पाणी हलवून पुन्हा बघितलं.

आणि इतका वेळ मिस्तरींनी मनात ठेवलेला प्रश्न आता बाहेर आला.

"उभी गाडी चालू कितला येळ ठेवस?"

ड्रायव्हर गप्प. मग सांगायला लागला. जिनिंगच्या फाटकावर रांग असते, दोन-दोन तास. टोलवर रांग. गाडी बंद करत नाही, कारण बॅटरी उतरलीय, पुन्हा सेल्फ लागेलच याचा भरवसा नाही. दोनदा धक्का मारावा लागला. मालकाला बॅटरीचं सांगितलं, तो म्हणाला पुढच्या महिन्यात. असे पाच महिने गेले.

उभ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि काजळी बसत जाते. आता हे मालकाला कुणी सांगायचं? मिस्तरींनी फोन लावला. स्पीकरवर टाकला नाही, त्यामुळे आम्हाला एकच बाजू ऐकू आली.

"शेठ, पट्टी नाही मारली… नाही. साफ केली… हो, वढते आता. बॅटरी बदला आधी… बॅटरीचाच संबंध आहे शेठ. या इकडे, दाखवतो… नका येऊ मग. पण बॅटरी टाकतोय, बिलात लावतोय."

(दृश्य: दुपार. स्कॅनर जोडलेला. पिवळा दिवा विझतो.)

नव्या पॅकिंगसह झडप बसली. स्कॅनर लावून जुना कोड पुसला, संगणकाला झडपेचं उघडं आणि मिटलेलं टोक नव्याने शिकवलं. नवी बॅटरी चढली. ड्रायव्हर लळिंगच्या घाटापर्यंत चक्कर मारून आला, आणि चहा येईपर्यंत त्याने गाडी बंद करून ठेवली. चहा झाल्यावर सेल्फ मारला. पहिल्याच झटक्याला.

सकाळी कापलेली पट्टी टेबलावर तशीच पडली होती, दोन्ही बाजू कोऱ्या. पोऱ्याने विचारलं, तारेत घालू का?

मिस्तरींनी ती घेतली, बोटाने जाडी बघितली, आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.